डॉक्टरांनी सांगितलं तरी बाबा उठलेच नाहीत!

"मॅडम, बाबांचं चालणं गेलंच का हो आता?" स्मृतिभ्रंश झालेलं माणूस ज्या घरात आहे, तिथून हा प्रश्न हमखास येतो. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका घराचं उदाहरण देते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काका वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तपासणीत त्यांना सांगितलं गेलं, "उठा, त्या पट्टीपर्यंत चाला, वळा, परत येऊन बसा." खुर्चीतून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला किती सेकंद लागतात, ते मोजणारी ही चाचणी 1991 पासून वापरात आहे. काका पट्टीकडे बघून हसले आणि बसून राहिले. शेरा पडला, 'चाचणी पूर्ण करू शकले नाहीत'. मुलगा व्हीलचेअरच्या किमती काढूनच माझ्याकडे आला.

तो बोलत होता, सून दुजोरा देत होती, काकू गप्प. घरात जो सगळ्यात कमी बोलतो, त्याला मी मुद्दाम मध्येच विचारते.

"काकू, रात्री कसे असतात?"

"रात्री काय, दोन वाजता उठून साखरेचा डबा काढतात."

"एकटे जातात?"

"मग? मी झोपेचं सोंग घेते. हाक मारली की दचकून थांबतात ना."

मुलगा बघतच राहिला. "आई, हे बोलली नाहीस कधी!"

"तू विचारलंस कधी? तू दोन्ही बगलांत हात घालून त्यांना बाथरूमला नेतोस. त्यांचे पाय जमिनीला टेकतात कुठे?"

ज्या काकूंना कुणी काही विचारलं नव्हतं, त्यांच्याकडेच खरी माहिती होती. माणूस तपासण्याआधी त्याच्याभोवतीचं घर ऐकावं, हे माझं जुनं मत आहे आणि ते सहसा फसत नाही. काकांची परीक्षा पायांची झालीच नव्हती, चार सूचना एकदम लक्षात ठेवण्याची झाली होती.

मी फिजिओथेरपिस्टना चिठ्ठी दिली. पुढच्या खेपेला त्यांनी आधी स्वतः चालून दाखवलं, मग एका वेळी एकच सूचना दिली. काकांच्या पायात रोजच्या चपला, डोळ्यांवर चष्मा, आणि पट्टीपलीकडे चहाचा कप घेऊन काकू. काका उठले, गेले. खरी अडचण आता दिसली. सरळ चालणं बरं होतं, पण वळताना पावलं घोटाळली. मुलाने मध्येच "बाबा, जमतंय ना?" विचारलं, तर जागीच थांबले. बोलताना चालणं थांबवणारे वृद्ध जास्त पडतात, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी 1997 मध्येच दाखवलं होतं.

म्हणून चालताना गप्पा नकोत. बगलेत हात घालून उचलू नका, शेजारून कोपराला हलका आधार द्या. बाथरूमच्या वळणावर दांडी बसवा, रात्री दिवा ठेवा. गडद पायपुसणं काढा, काहींना तो खड्डा वाटतो. तपासणीला नेताना जो दिवसभर सोबत असतो तोच जाऊ दे. एका दिवसाच्या निकालावर विसंबू नका. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत चालणं दिवसागणिक बदलतं.

मात्र दोन-चार दिवसांत चालणं एकदम ढासळलं, तर वयावर ढकलू नका. जंतुसंसर्ग, नवं झोपेचं औषध, किंवा पडल्यावर डोक्याला लागलेला मार, काहीही असू शकतं. आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊन लघवीवरचा ताबाही जात असेल, तर मेंदूरोगतज्ज्ञांना 'मेंदूत पाणी साठलंय का?' असं स्पष्ट विचारा. त्यावर काही वेळा शस्त्रक्रियेने फरक पडतो.