विचारले तेवढ्याचे उत्तर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सप्रेम सलाम. मी एका कार्यालयात नोकरी करते. आमच्या विभागात ख्रिस्ती अशी मी एकटीच आहे. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंचा मुलगा गेले काही महिने आजारी आहे. मागच्या वर्षी माझे यजमान असेच अंथरुणाला खिळले होते, हे त्यांना ठाऊक आहे. परवा त्यांनी मला विचारले, “त्या दिवसांत तुम्ही इतक्या शांत कशा राहिलात?” माझ्या ओठांवर प्रभूचे नाव आले होते, पण “होते हळूहळू सवय” एवढेच म्हणून मी फाईल उघडली. तेव्हापासून मनाला चैन नाही. मंडळीत (चर्चमध्ये) आपल्या विश्वासाची धीटपणे साक्ष देणाऱ्यांना पाहिले की अधिकच अपराधी वाटते. मला बोलता येत नाही, बायबलमधील वचनेही फारशी पाठ नाहीत. मी काय करावे?

उत्तर : ताई, आपले पत्र वाचून मला आधी आनंद झाला, कारण पुष्कळांना वर्षानुवर्षे बोलूनही जे लाभत नाही ते आपल्याला न बोलता लाभले आहे : कोणीतरी आपणहून विचारले आहे. बायबलमध्ये येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रातील तिसऱ्या अध्यायाचे पंधरावे वचन आपण सगळेच ऐकतो, पण बहुधा अर्धेच ऐकतो. आपल्या ठायी असलेल्या आशेविषयी उत्तर देण्यास नेहमी सिद्ध असावे, एवढे ध्यानात राहते. ते उत्तर विचारपूस करणाऱ्याला द्यायचे आहे, आणि ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ द्यायचे आहे, हे मात्र निसटून जाते. उत्तर म्हटले की त्याच्याआधी प्रश्न आला, आणि ज्याने जेवढे विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे ही मर्यादाही आली. त्या बाईंनी आपल्याला त्रैक्याचा (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा) सिद्धान्त विचारलेला नाही. आजारपणाच्या त्या रात्री आपण कशा काढल्या, एवढेच विचारले आहे. आणि त्याचे उत्तर आपल्याखेरीज दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही. मग वचने पाठ नसल्याचा संकोच कशाला?

पेत्राने हे पत्र ज्या प्रांतांतील विश्वासणाऱ्यांना लिहिले त्यांत पंत आणि बिथुनिया (आजच्या तुर्कस्तानातील प्रदेश) यांची नावे आहेत. पुढे इ. स. 112 च्या सुमारास तेथील रोमी सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजान याला ख्रिस्ती लोकांविषयी लिहिलेले पत्र आजही वाचायला मिळते. चौकशीत त्याला कळले ते असे, की ही माणसे ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तोत्र गातात, आणि चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कोणी विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव मागितल्यावर नाकारणार नाही, अशी शपथ घेतात. हा विश्वास शहरांपुरता न राहता खेड्यापाड्यांतही पसरला आहे, अशी त्याची तक्रार होती. या माणसांपाशी ना मोठी सभागृहे होती, ना छापील पत्रके. मला मात्र त्या शपथेतील ठेवीचा उल्लेख फार मोलाचा वाटतो. ज्याची ठेव शेजाऱ्याने जशीच्या तशी परत आणून दिली, त्याने कधी ना कधी, “तुम्ही असे कसे?” म्हणून विचारले असेलच. आपल्या कार्यालयातही नेमके हेच घडले आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. संधी गेली असे मानू नका. निवांत वेळ पाहून त्या बाईंकडे जा, आणि आधी मुलाची चौकशी करा. त्यांना सांगायचे असेल ते सगळे सांगू द्या, मध्ये स्वतःचा अनुभव घालू नका. मग म्हणा, “त्या दिवशी तुम्ही मला काही विचारले होते, मी नीट उत्तर दिले नाही. खरे तर मी शांत नव्हते, मलाही भीती वाटत होती. पण रात्री मी येशूशी बोलत असे, आणि आपण एकट्या नाही असे मला वाटे.” हे अथवा असे जे खरोखर घडले असेल तेच सांगा, आणि थांबा. त्यांनी पुढे विचारले तर पुढचे सांगा. न विचारल्यास मुलाचे नाव घेऊन प्रार्थना केली तर चालेल का, एवढे विचारा. “नको” म्हणाल्या तर मनाला लावून घेऊ नका, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी वागणे जराही बदलू देऊ नका.

दोन गोष्टींची काळजी घ्या. पहिली भाषेची. ‘तारण’, ‘अभिषेक’, ‘पाचारण’ हे शब्द आपल्याला आईच्या दुधासारखे वाटतात. पण ऐकणाऱ्याला ‘तारण’ म्हटले की कर्जासाठी गहाण ठेवलेली वस्तू आठवते, आणि ‘मंडळी’ म्हटले की घरची माणसे. हे शब्द वाईट आहेत असे नव्हे, पण त्यांचा अर्थ आपण ज्या आयुष्यातून शिकलो ते आयुष्य समोरच्याचे नाही. दुसरी, आणि याबद्दल मी अधिक कळकळीने लिहितो आहे, आश्वासनाची. प्रार्थना केली की मुलगा बरा होईलच, असे चुकूनही म्हणू नका. ते आपल्या हाती नाही, आणि आईच्या मनाशी असा व्यवहार करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही.

तरुणपणी माझ्याकडून एक चूक झाली होती, ती सांगितलेली बरी. एका रुग्णालयाच्या व्हरांड्यात एक गृहस्थ उभे होते आणि त्यांची पत्नी आत दाखल होती. मी त्यांना गाठले आणि एकामागून एक वचने सांगत गेलो. ते मान हलवत ऐकत राहिले. त्यांच्या हातात गरम पाण्याचा थर्मास होता, आणि आतून परिचारिकेने त्यांना दोनदा हाक मारली होती, हे मी पाहिले होते. पण माझे बोलणे संपलेले नव्हते. ते भिडेपोटी थांबले, आणि आत त्यांची पत्नी त्या पाण्याची वाट पाहत राहिली. त्यांनी मला एका शब्दाने दुखवले नाही, परंतु त्यानंतर मला पाहिले की ते व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जात. त्या दिवशी मी थर्मास हातात घेऊन त्यांच्याबरोबर आत गेलो असतो, तर कदाचित त्यांनीच मला काही विचारले असते.

बोलता येत नाही याचे दुःख करू नका. योहानाने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या चौथ्या अध्यायात येशूशी विहिरीवर बोललेली शोमरोन प्रांतातील स्त्री आपली घागर विहिरीवरच टाकून गावात गेली, आणि तिने जे सांगितले ते दोन वाक्यांत मावण्यासारखे होते; त्यातही दुसरे वाक्य प्रश्नच होते, की हाच ख्रिस्त असेल काय? तिची स्वतःचीच पुरती खात्री झाली नव्हती. गावकरी मात्र तिच्या बोलण्यावरून निघाले, येशूला भेटले, आणि नंतर तिला म्हणाले की आता आम्ही तुझ्या सांगण्यावरून नव्हे, तर स्वतः ऐकून विश्वास ठेवतो.

प्रश्न : माझा बाप्तिस्मा होऊन चार वर्षे झाली. घरातील इतर कोणी ख्रिस्ती नाही. वडिलांना सत्य कळावे म्हणून मी वारंवार विषय काढतो, पण प्रत्येक वेळी वाद होतो आणि हल्ली ते माझ्याशी बोलतच नाहीत. मी गप्प बसलो तर प्रभूशी बेइमानी होईल अशी भीती वाटते. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर : प्रिय बंधू, आपली तळमळ खरी आहे याबद्दल मला शंका नाही. परंतु चार वर्षांत वडिलांनी आपल्याकडून जे ऐकले ते शुभवर्तमान (येशूविषयीची आनंदाची बातमी) होते, की त्यांची चूक दाखवणे होते, हे आपण प्रामाणिकपणे तपासावे. त्यांच्या उपासनेविषयी आपण कधी हिणकस शब्द काढला असेल, तर आधी त्याची क्षमा मागा. ती मागताना “पण” हा शब्द येऊ देऊ नका.

स्वतः येशूच्या घरात काय झाले ते पाहा. त्याचे भाऊही त्याच्यावर विश्वास ठेवत नव्हते, असे योहान सातव्या अध्यायात स्पष्ट लिहितो. ज्यांनी त्याला इतकी वर्षे एका घरात जवळून पाहिले त्यांची ही गत! तेच भाऊ बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात प्रार्थनेला बसलेले दिसतात, आणि पुनरुत्थित प्रभू त्यांच्यापैकी याकोबाला दिसला असे प्रेषित पौल लिहितो. मधल्या काळात येशूने त्यांच्याशी वाद घालून त्यांना जिंकले, असे कुठेही आलेले नाही.

आपल्या मराठी वाचकांना कवी नारायण वामन टिळकांचे घर परिचित आहे. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पतिपत्नी काही काळ वेगळे राहिले, आणि पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपले सोवळेओवळे सोडले नव्हते. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो काही वर्षांनी, स्वतःच्या मनाने. तो मधला काळ टिळकांना सोपा गेला नसणार. पण त्या काळाला वाट दिली गेली, म्हणूनच लक्ष्मीबाईंचा विश्वास त्यांचा स्वतःचा झाला.

आपण गप्प बसावे असे मी म्हणत नाही. वडिलांनी विचारले तर लपवू नका, आणि घरातील ज्या विधीत सहभागी होणे आपल्याला शक्य नाही, ते आधी, एकांतात, आदराने सांगा. चारचौघांत ऐन वेळी उठून जाऊ नका. बाकीच्या वेळी मुलगा म्हणून जे करायचे ते पूर्वीपेक्षा मन लावून करा. पेत्र आपल्या पत्रात ‘वचनावाचून’ जिंकल्या जाणाऱ्या माणसांविषयी लिहितो. तो उपदेश त्याने बायकांना केला आहे हे खरे, पण तो मुलांनाही तितकाच लागू पडतो असे मला वाटते. आणि वडील बोलत नसले तरी आपण बोला : औषधाविषयी, दुखण्याविषयी, त्यांच्या जुन्या दिवसांविषयी. आपण त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेतले, असे गेल्या चार वर्षांत किती वेळा झाले असेल?

प्रश्न : आमचा तरुण संघ गरजू कुटुंबांना मदत करतो. मदतीच्या पिशवीत शुभवर्तमानाची पत्रिका घालावी की नाही, यावरून आमच्यात मतभेद आहेत. आपले मत काय?

उत्तर : घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पत्रिकेत वाईट काही नाही. पण ज्याला आज मदतीवाचून गत्यंतर नाही, त्याला ती नाकारण्याची मोकळीक उरत नाही, आणि जे नाकारता येत नाही ते स्वीकारले असेही म्हणता येत नाही. येशूने दहा कुष्ठरोग्यांना बरे केले आणि त्यांतला एकच आभार मानायला परतला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असे त्याने विचारले खरे. परंतु त्यांचे बरे होणे त्याने काढून घेतले नाही, आणि बरे करण्यापूर्वी परत येण्याची अटही घातली नव्हती. कोणी विचारले की तुम्ही कोण, तर आपण ख्रिस्ती आहोत हे मोकळेपणाने सांगावे. पत्रिका मागितली तर द्यावी. पिशवी मात्र नुसती पिशवीच असावी, आणि ती देताना छायाचित्र काढण्याची प्रथा आपल्या संघात असेल तर तीही याच बैठकीत बंद करून टाकावी.