रवी वर्म्यांची पहिली फ्रेम घेताय? आधी एवढं बघा

‘हंस-दमयंती’ या त्यांच्या चित्रापासून सुरुवात करताय, छान निवड! घाई मात्र करू नका.

आधी भिंतीवर घ्यायच्या चित्राच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. नवखे बहुतेक वेळा फारच लहान चित्र घेतात.

मग छपाई. रवी वर्मा 1906 साली गेले, त्यांची चित्रं आता कुणीही छापू शकतं, त्यामुळे दर्जात जमीन-अस्मानाचा फरक असतो. चित्र हातात घेऊन हंसाची पिसं आणि लाल साडीचे काठ जवळून बघा. ते फिसकटलेले दिसले तर परत ठेवा. मूळ चित्राशीही ताडून पाहा. तयार फ्रेमच्या मापात बसवायला कडा सर्रास कापतात.

सगळ्यात महत्त्वाचं:

- काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये माउंट (चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच. माझं पहिलं चित्र एका पावसाळ्यात काचेला चिकटलं, सोडवताना रंग निघाला. अजून हळहळ वाटते.
- ओल येणारी बाहेरची भिंत नको, थेट ऊनही नको.

सोनेरी नक्षीच्या फ्रेमवर भाळू नका, पैसे छपाईवर घाला. कागद-शाईचे प्रकार पुढच्या खरेदीच्या वेळी बघू.