कुलूपबंद घरासाठी एफडी मोडावी का?

नमस्कार ताई,

तुम्ही दोघं आता पुण्याला मुलाकडे राहता. अमळनेरच्या घराला कुलूप आहे आणि धंदा आवरल्यापासून जळगावच्या दाणाबाजारातलं दुकानही बंद आहे. शेजारच्या बंद घरातून पाण्याची मोटर आणि पितळी भांडी चोरीला गेली, तेव्हापासून तुमच्या जिवाला घोर लागलाय. एका विक्रेत्याने दोन्ही जागांसाठी आठ कॅमेरे, सेन्सर आणि स्मार्ट लॉक मिळून १,१८,००० रुपयांचं कोटेशन दिलंय. नेट आणि देखभाल वर्षाला १८,००० वेगळे. त्यासाठी दोन लाखांची एफडी मोडू का, असं तुम्ही विचारलंय.

एफडी मोडू नका. काहीच बसवू नका, असं मात्र मी म्हणणार नाही.

ही उपकरणं पाच वर्षं टिकली असं धरू. वर्षाला २३,६०० आणि वरचे १८,००० मिळून ४१,६०० रुपये होतात, म्हणजे महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास. एवढ्यात राखायचं काय? तुम्हीच लिहिलंय, घरात जुना फ्रिज, कपाटं, भांडी आणि 'थोडे दागिने'. दुकानात रिकामे रॅक आणि वजनकाटा. यात खरी जोखीम दागिन्यांची, आणि त्यांच्यावर कॅमेरा लावून भागत नाही. पुढच्या खेपेलाच ते बँकेच्या लॉकरमध्ये हलवा. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीमुळे नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. भाडं २,००० असेल तर २ लाख. दागिने त्याहून मोलाचे असतील तर त्यांचा वेगळा विमा काढा.

आता घर. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आणि कानबाईच्या सणाला तुम्ही ते उघडता, नैवेद्याचे रोट तिथेच होतात, तेव्हा विकण्याचा विषय मी काढतच नाही. पण रात्री अडीचला पुण्यात मोबाइल वाजला आणि पडद्यावर अंगणात कुणीतरी दिसलं, तर पुढे काय? तुम्ही ११२ ला फोन कराल, पत्ता सांगाल. तरीही दहा मिनिटांत दारापर्यंत पोचणारा, किल्ली असलेला एक माणूस अमळनेरात हवाच. तो नसेल तर आठ कॅमेरे लावून तुम्ही चोरी फक्त बघत बसाल. म्हणून पहिला खर्च माणसावर करा. गल्लीतलं विश्वासाचं कुणी किंवा तुम्ही उल्लेख केलेला भाचा, महिन्याला हजार रुपये ठरवून द्या. नात्यातला असला तरी द्या, म्हणजे हक्काने विचारता येतं. आठवड्यातून एकदा खिडक्या उघडायच्या, नळ सोडून बघायचे, चौकटीला वाळवी लागली का ते पाहायचं. तुमचं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं आहे. अशा घराचं चोरापेक्षा मोठं नुकसान एका पावसाळ्यातली गळती करते, आणि भिंतीत मुरणारी ओल कॅमेऱ्याला दिसत नाही.

त्याच्या जोडीला दोन कॅमेरे पुरेत, एक पुढच्या दारावर आणि एक मागच्या अंगणात मोटरीकडे. शेजाऱ्यांचं दार त्यात येऊ देऊ नका. दोन्ही दारांना चुंबकाचे सेन्सर लावा. एक तुकडा फळीवर, दुसरा चौकटीवर. दार उघडून दोन्ही लांब गेले की मोबाइलवर सूचना येते. सिमकार्डवर चालणारा राउटर आणि त्याला छोटा यूपीएस घ्या. घरासाठी सगळं मिळून २०,००० च्या पुढे जाऊ नका. त्यात बसेना तर एक कॅमेरा कमी करा. स्मार्ट लॉक तर नकोच. दोन फळ्यांच्या सागवानी दाराला ते बसवायला लाकूड तासावं लागेल, शिवाय बॅटरी संपली तर आखाजीला तुम्हालाच बाहेर उभं राहायची वेळ येऊ शकते.

पैसे देण्याआधी एक चाचणी घ्या. विक्रेत्याला मेन स्विच पाडायला सांगा आणि पुण्यात मोबाइल हातात घेऊन बसा. चित्र चालू राहतं का, लाइट गेल्याची सूचना येते का, दोन तासांनी काय होतं? आपल्याकडे मे महिन्यातल्या वादळात खांब आडवे होतात, लाइट जाते, आणि नेमकं तेव्हाच हे यंत्र जागं असायला हवं. कॅमेरा किती तापमानाला चालतो तेही डब्यावर वाचा. उन्हाळ्यात सावलीत ४५ अंश असतात, पत्र्याखाली त्याहून जास्त. सीसीटीव्हीसाठी सायबर सुरक्षेची चाचणी एप्रिल २०२५ पासून सक्तीची झाली आहे, म्हणून मॉडेल नंबरासकट पक्कं बिल घ्या आणि पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला.

दुकानाचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तोच तुम्ही पत्रात एका ओळीत उरकलाय. एजंट महिन्याला १२,००० भाडं सांगतो, पण भाडेकरू हटणार नाही अशी भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. भीती खोटी नाही. पण वर्षाचे १,४४,००० सोडून वर रिकाम्या रॅकवर पहारा बसवायचा, हा हिशेब कुठेच बसत नाही. वकिलाकडून लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे जागा ठरावीक मुदतीपुरती फक्त वापरायला देण्याचा करार, करून घ्या आणि त्याची नोंदणी करा. आपल्या राज्यात ती बंधनकारक आहे आणि जबाबदारी मालकाची. अनामत नीट घ्या. मिळालेल्या भाड्यातून पालिकेचा कर वजा करून उरलेल्या रकमेवर आयकरात ३० टक्के सरसकट वजावट मिळते. उलट दुकान रिकामं ठेवलं तरी अपेक्षित भाडं तुमच्या उत्पन्नात धरलं जाऊ शकतं, तेव्हा सीएंना एकदा विचाराच. तिथे रोज शटर उघडणारा माणूस आला की तुमच्या कॅमेऱ्यांची गरजच उरत नाही.

राहिला विमा. 'भारत गृह रक्षा' ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासून मिळते. आग, पूर, भूकंप त्यात येतात, पण साधी घरफोडी येत नाही; चोरी धरतात ती अशा आपत्तीनंतरच्या सात दिवसांतली, त्याच आपत्तीमुळे झालेली. म्हणून घरफोडीचं संरक्षण वेगळं मागून घ्या. घर बहुतेक काळ बंद असतं हे अर्जातच लिहा, कारण सलग ३० दिवसांहून जास्त बंद राहणाऱ्या जागेसाठी अनेक पॉलिसींत वेगळी अट असते. कंपनीने ते मान्य केल्याचं लेखी घ्या आणि त्याची एक प्रत भाच्याकडेही ठेवा.