गोळी नको, मग ताप चालतो का?

गरोदरपणाचा बाविसावा आठवडा सुरू असलेली एक मुलगी नवऱ्यासोबत समुपदेशनाला आली. तीन दिवस सर्दी, नाक चोंदलेलं, आदल्या रात्री 101 फॅरनहाइट ताप. औषध मात्र काहीच घेतलं नव्हतं. "मॅडम, पोटात बाळ असताना गोळी कशी घेऊ? आणि मी एवढी खोकते, त्याला धक्के बसत असतील ना?"

धक्क्यांची भीती लगेच काढता आली. बाळ गर्भजलात सुरक्षित असतं, खोकल्या-शिंकांनी त्याला काही होत नाही. तापाचं तसं नाही. तो अंगावर काढण्यात कसला आलाय त्याग? पहिल्या तिमाहीत तर जास्त ताप बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूच्या घडणीत बाधा आणू शकतो. तिच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. त्यांनी फ्लूची लक्षणं आहेत का ते विचारलं आणि पॅरासिटामॉल किती, कधी घ्यायचं ते सांगितलं. गरोदरपणात तापावर पहिली पसंती त्यालाच. मात्र गरजेपुरतं आणि कमीत कमी दिवस.

तेवढ्यात नवऱ्याने खिशातून सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट काढलं. "मग हीच देऊ का? आम्ही सगळे हीच घेतो."

मला खरी काळजी या गोळीची वाटते. पाकिटामागचं बारीक अक्षर त्यालाच मोठ्याने वाचायला लावलं: पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन, क्लोरफेनिरामाइन. एका गोळीत तीन औषधं! यातलं फेनिलेफ्रिन नाक मोकळं करण्यासाठी घातलेलं असतं, पण ते रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब वाढवू शकतं, म्हणून गरोदरपणात ते टाळतात. वर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घेतली, तर पॅरासिटामॉल दोनदा पोटात जाणार. आयबुप्रोफेनही नको, 20 आठवड्यांनंतर त्याने बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. काढे-चाटणंही डॉक्टरांना विचारूनच, 'नैसर्गिक' लिहिलंय म्हणून नाही.

नाकासाठी सलाइनचे थेंब, झोपताना डोकं थोडं उंच, भरपूर पाणी. (गरोदरपणात सर्दी नसतानाही नाक चोंदतं, हे ऐकून ती पहिल्यांदा हसली.) अँटिबायोटिक मागू नका, विषाणूच्या सर्दीवर त्याचा उपयोग नाही.

फ्लू असेल तर त्याचं औषध पहिल्या 48 तासांत सुरू झालेलं बरं, म्हणून ताप चढला की वाट बघायची नाही. धाप लागली, छातीत दुखलं, ताप उतरेना किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर मला फोन करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा, असं दोघांनाही बजावलं.