मणक्यातला ‘गॅप’ आणि ‘केज’, मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की आईचं मणक्याचं ऑपरेशन ठरलंय, कागदावर ‘एल४-एल५ फ्युजन, स्क्रू, रॉड, केज’ लिहिलंय (म्हणजे कंबरेचा चौथा आणि पाचवा मणका एकमेकांना जोडणार), तर हे गावाकडच्या आजीला मराठीत कसं सांगायचं आणि इम्प्लांटला, म्हणजे शरीरात बसवायच्या या वस्तूंना, ‘प्रत्यारोपण’ म्हटलं तर चालेल का.

प्रत्यारोपण नको. ते म्हटलं की किडनी आठवते, कुणीतरी दाता आठवतो, आणि आजी पहिलं विचारेल की मणका कुणाचा घेतला? इथे तर टायटॅनियमचे स्क्रू आणि सळ्या आहेत. आपल्याकडे यासाठी ‘बसवणे’ हे फार छान क्रियापद आहे, दात बसवतो, पेसमेकर बसवतो, तसे स्क्रू बसवले. ‘पायात रॉड टाकलाय’ हेही सगळे म्हणतात, त्यात चूक काही नाही, पण घाबरलेल्या माणसाशी बोलताना मला ‘बसवले’ जास्त धीराचं वाटतं.

डिस्कला शाळेच्या पुस्तकी मराठीत चकती म्हणतात पण लोकांच्या तोंडी ‘गादी’ आहे आणि माझ्या मते तोच शब्द जास्त बरोबर आहे, कारण चकती नुसता आकार सांगते आणि गादी काम सांगते. आत जेलीसारखा मऊ गर, भोवती चिवट तंतूंचं कडं, दोन मणक्यांमध्ये बसून दणके सोसायचे. वय वाढतं तसं तिच्यातलं पाणी कमी होतं आणि ती चपटी होत जाते.

आणि इथेच तो ‘मणक्यात गॅप आलाय’ वाला घोळ आहे, जो मला मनापासून खटकतो. गादी चपटी झाली की दोन मणक्यांमधली जागा कमी होते, म्हणजे गॅप येत नाही, गॅप जातो! माझा अंदाज असा की डॉक्टर सांगतात ‘गॅप कमी झालाय’ आणि घरी पोचेपर्यंत त्यातलं ‘कमी’ गळून पडतं. मग माणूस तो गॅप ‘भरून’ येण्याचं औषध शोधत फिरतो. माझ्या आत्याने अशीच दोन वर्षं घालवली, म्हणून म्हणतो की ‘गादी झिजली’ म्हणा.

आता केज. शब्दशः पिंजरा, पण आजीला पिंजरा सांगू नका. खराब गादी काढून त्या जागी ठेवायचा हा पोकळ, भोकंभोकं असलेला ठोकळा असतो, त्यात हाडाचा चुरा भरतात म्हणजे भोकांतून नवं हाड वाढून वरचा-खालचा मणका एकजीव होतो. गंमत म्हणजे अमेरिकेतले सर्जन जॉर्ज बॅग्बी यांनी १९७०च्या दशकात याचा स्टीलचा अवतार केला तो घोड्यांच्या मानेसाठी, आणि त्याचं नाव पडलं ‘बॅग्बी बास्केट’, म्हणजे टोपली! त्यातूनच पुढे माणसासाठी टायटॅनियमचा केज झाला, त्याला तिकडे १९९६ साली मान्यता मिळाली. मी ‘जाळीदार ठोकळा’ म्हणेन.

फ्युजनला लोक ‘मणके फिक्स केले’ म्हणतात. ‘जखडले’ ऐकून भीती वाटते, शिवाय हालचाल थांबते ती तेवढ्या एका सांध्याची, अख्ख्या पाठीची नाही. ‘सांधले’ म्हणा, मोडलेलं हाड सांधतं तसं.

तर आजीला असं सांगा: ‘आईच्या कंबरेतली एक गादी झिजलीय, ती काढून तिथे जाळीदार ठोकळा ठेवणार, वरखालचे दोन मणके स्क्रू-सळ्यांनी धरून ठेवणार, आणि काही महिन्यांत तिचंच हाड वाढून ते सांधले जातील.’