टेक्सासमध्ये नवीन घराचे मालमत्ता करासाठीचे मूल्यांकन एकदम वाढवून आले आहे. प्रोटेस्ट करावा का आणि कसा?

तुमच्या प्रश्नातील हकीकत थोडक्यात अशी आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तुम्ही डॅलसच्या उत्तरेकडील उपनगरात घर घेतले. आधीच्या मालकाला ४ लाख ४० हजार डॉलर मूल्य धरून कर लागत होता, आणि यंदा एप्रिलमध्ये कौंटीच्या मूल्यांकन कार्यालयाकडून (अप्रेझल डिस्ट्रिक्ट) आलेल्या नोटिशीत तोच आकडा ५ लाख ७० हजारांवर गेला आहे. वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करता येत नाही असे ऐकले असताना हे कसे झाले, आणि प्रोटेस्ट करून, म्हणजे या मूल्यावर रीतसर हरकत घेऊन, काही हाती लागेल का, असे तुम्ही विचारता. मी याच भागात घरमालक आहे आणि बहुतेक वर्षी स्वतःच प्रोटेस्ट करतो. माझे मत असे की पुढच्या वर्षी तुम्ही प्रोटेस्ट केला नाहीत तरी एक वेळ चालेल, पण यंदा तो चुकवू नका.

दहा टक्क्यांची मर्यादा घराला नसून त्यात राहणाऱ्या मालकाच्या होमस्टेड सवलतीला (राहत्या घराच्या मूल्यातून ठरावीक रक्कम वजा करणारी करसवलत) जोडलेली असते. घर विकले गेले की जुन्या मालकाची मर्यादा पुढच्या १ जानेवारीला संपते आणि मूल्य थेट बाजारभावावर येते. तुमची स्वतःची मर्यादा होमस्टेडसाठी पात्र ठरल्याच्या पुढच्या वर्षापासून, म्हणजे तुमच्या बाबतीत पुढील वर्षापासून लागू होईल. मधल्या या एका वर्षात तुमच्या मूल्यवाढीवर कोणतीही मर्यादा नाही, आणि यंदा जो आकडा कायम होईल त्यावरच पुढील दहा टक्के मोजले जातील. ५ लाख ७० हजार कायम झाले तर पुढच्या वर्षीची कमाल ६ लाख २७ हजार होते. तेच ५ लाख ४० हजारांवर आणता आले तर ५ लाख ९४ हजार. शाळा, शहर, कौंटी आणि कॉलेज यांचा मिळून दर दोन टक्के धरला, तर तीस हजारांच्या फरकाने यंदाच साधारण सहाशे डॉलर वाचतात.

याउलट मर्यादा लागू असलेल्या मालकाच्या नोटिशीत दोन आकडे असतात: मार्केट व्हॅल्यू (बाजारभाव) आणि त्याहून कमी असलेली अप्रेज्ड व्हॅल्यू (मर्यादा लावून करासाठी धरलेले मूल्य). समजा ते अनुक्रमे ५ लाख ६० हजार आणि ४ लाख ८४ हजार आहेत. मोठ्या खटपटीने त्याने बाजारभाव ५ लाख २० हजारांवर आणला, तरी कर ४ लाख ८४ हजारांवरच बसणार, म्हणजे त्या वर्षी त्याचा एक पैसाही वाचत नाही. शेजाऱ्याने चाळीस हजार कमी करून घेतल्याचे अभिमानाने सांगितले, तर आधी यातला कोणता आकडा कमी झाला ते विचारावे.

होमस्टेडचा अर्ज तुम्ही भरला असेलच. नसेल तर आजच भरा, तो विनामूल्य आहे. ड्रायव्हिंग लायसन्सवर याच घराचा पत्ता असावा लागतो. २०२५ च्या करवर्षापासून शाळेच्या करापुरती ही सवलत १ लाख ४० हजार डॉलरची झाली आहे, आणि बिलात सर्वांत मोठा वाटा शाळेचाच असतो.

आता प्रोटेस्टकडे वळू. मुदत १५ मे, किंवा नोटीस टपालात पडल्यापासून तीस दिवस, यांपैकी जी तारीख नंतरची असेल ती. अर्जात हरकतीची कारणे निवडायची असतात. ‘मूल्य बाजारभावापेक्षा जास्त आहे’ आणि ‘इतर मालमत्तांच्या तुलनेत मूल्यांकन असमान आहे’ ही दोन्ही निवडावीत, कारण एक निवडून दुसरे सोडले तर सुनावणीत दुसरा मुद्दा मांडताना अडचण येते.

पहिल्या कारणासाठी प्रश्न एवढाच असतो की १ जानेवारीला हे घर बाजारात किती किमतीला गेले असते. तुम्ही ५ लाख ७० हजारांपेक्षा कमी किमतीत घर घेतले असेल, तर क्लोजिंग स्टेटमेंट (खरेदी पूर्ण होताना मिळालेला हिशेबाचा कागद) हाच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. टेक्सासमध्ये विक्रीची किंमत सरकारदरबारी जाहीर करावी लागत नाही, त्यामुळे तुम्ही काय मोजले हे कार्यालयाला ठाऊक असेलच असे नाही. जास्त किमतीत घेतले असेल तर या कारणावर भिस्त ठेवू नका. आजूबाजूच्या विक्रीचे आकडे तुमच्या रिअल्टरकडून (घर घेताना मदत केलेल्या एजंटकडून) मिळतात. घर मिळवून दिल्यावर बहुतेक जण एवढे काम आनंदाने करतात.

घराची अवस्थाही १ जानेवारीचीच धरली जाते. एप्रिलमधल्या गारपिटीने छप्पर फुटले तर तो यंदाचा मुद्दा होत नाही. आपल्या भागातील चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पायाला तडे जाणे नेहमीचेच आहे. तसे काही १ जानेवारीपूर्वी दिसले असेल, तर फोटो आणि दुरुस्ती करणाऱ्या कंपनीचा लेखी खर्च-अंदाज जोडा. नुसत्या फोटोंवर फारसे काही मिळत नाही, डॉलरमधला आकडा असावा लागतो.

दुसरे कारण माझ्या मते अधिक उपयोगाचे आहे, आणि लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. तुमच्यासारख्या पुरेशा घरांचे मूल्यांकन घ्यायचे, क्षेत्रफळ, वय, दर्जा, स्विमिंग पूल यांतील फरकाप्रमाणे ते कमीजास्त करायचे, आणि त्या यादीतला मधला आकडा तुमच्या मूल्याहून कमी आला तर कायद्याने तुमचे मूल्य तिथवर खाली आले पाहिजे. इथे घर कितीला विकले गेले याला महत्त्व नसते. घरे निवडताना आकारमान जवळपासचे ठेवा. लहान घराचा दर चौरस फुटाला सहसा जास्त पडतो, त्यामुळे २,२०० फुटांचे घर ३,४०० फुटांच्या घराशेजारी ठेवले तर तुलना फसवी होते.

त्याआधी मूल्यांकन कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपल्या घराचे नोंदपत्रक उघडून ओळ न् ओळ तपासा. माझ्या घराच्या नोंदीत दिवाणखान्यावरची दुमजली उंचीची पोकळी वरच्या मजल्याचे राहते क्षेत्रफळ म्हणून धरलेली होती. बिल्डरचा नकाशा दाखवताच ती वजा झाली.

अर्जासोबतच कार्यालयाचा पुरावा लेखी मागवा. सुनावणीच्या किमान चौदा दिवस आधी तो मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि मागूनही वेळेत न दिलेली माहिती त्यांना सुनावणीत वापरता येत नाही. त्यांच्याच तक्त्यात तुमच्या बाजूची दोन-तीन घरे सापडतात, हा माझा वारंवारचा अनुभव आहे.

बरीचशी प्रकरणे कार्यालयाशी अनौपचारिक बोलणीत किंवा त्यांनी ऑनलाइन देऊ केलेल्या कमी मूल्याच्या देकाराने मिटतात. देकार स्वीकारला की त्या वर्षीचा प्रोटेस्ट संपतो, म्हणून पुरावा वाचण्यापूर्वी होकार देऊ नये. न मिटल्यास अप्रेझल रिव्ह्यू बोर्डापुढे (मूल्यांकनावरील हरकती ऐकणारे मंडळ) सुनावणी होते. तिथे बसलेले सदस्य स्थानिक नागरिक असतात, कार्यालयाचे नोकर नव्हेत, आणि मूल्य बरोबर असल्याचे सिद्ध करण्याचा भार साधारणपणे कार्यालयावर असतो. तुमच्या संमतीशिवाय बोर्ड मूल्य वाढवू शकत नाही, त्यामुळे ‘उगाच डिवचले तर आणखी वाढवतील’ ही आपल्या मंडळींमधली भीती अनाठायी आहे. वेळ मोजकाच मिळतो. कर परवडत नाही किंवा शेजारच्या राज्यात स्वस्त आहे, हे तिथे सांगून काही होत नाही, कारण दर ठरवणे त्यांच्या हातात नसते. ते शाळा आणि शहर नंतर ठरवतात आणि त्यासाठी वेगळ्या जाहीर सभा होतात.

निकाल मान्य नसल्यास आदेश मिळाल्यापासून साठ दिवसांत अनामत रक्कम भरून लवादाकडे जाता येते, किंवा जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. बचतीतला हिस्सा घेऊन काम करणाऱ्या एजन्सीही आहेत. मात्र त्या शेकडो घरे एकगठ्ठा हाताळतात आणि तुमच्या पायाचा तडा पाहायला कोणी येत नाही, म्हणून या पहिल्या वर्षी तरी मी त्यांच्याकडे जाणार नाही. वाद कुठेही प्रलंबित असला तरी बिलाची ३१ जानेवारीची तारीख पाळा, आणि कर एस्क्रोतून (हप्त्यासोबत कराचे पैसे जमा करून कर भरणारे मॉर्गेज कंपनीचे खाते) जात असेल तर कमी झालेल्या मूल्याचा आदेश मॉर्गेज कंपनीला पाठवून मासिक हप्त्याचा फेरहिशेब मागा.