मोबाइल ॲपचं टेस्टिंग ऑटोमेशनने करावं की माणसाने? मॅन्युअल टेस्टरला आता काही भाव आहे का?

‘भाव आहे का’ वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या टीम लीडने हेच मला सगळ्यांसमोर ऐकवलं होतं. "मॅन्युअल म्हणजे काय, नुसती टकटक. शेंबडं पोरगंपण करंल."

तेव्हा आम्ही अडत्यांसाठी ॲप करत होतो. सौदा झाला की पोती, वजन, दर भरायचा, पट्टी म्हणजे हिशोबाची पावती तयार. ॲपियम या ऑटोमेशनच्या टूलमधल्या तीनशेवर टेस्ट रोज रात्री एम्युलेटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर चालायच्या आणि सकाळी रिपोर्ट हिरवागार. मी म्हणत होतो, एकदा यार्डात नेऊन बघू. लीड म्हणाले, गरज काय?

माझे वडील सांगलीच्या मार्केट यार्डात मापाडी. शनिवारी मीच फोन घेऊन गेलो. राजापुरी हळदीची वजनं चालली होती, अण्णांची बोटं पिवळीधमक. त्यांनी टोपीने काच पुसली आणि आपल्या सवयीच्या मराठी कीबोर्डवरून भरलं: पोती २०, वजन १०४२.५. खाली पट्टी आली, पोती २०, वजन शून्य, रक्कम शून्य. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "वीस पोती आन् वजन शून्य? हळद हाय का कापूस भरलाय?" शेजारचे हमाल हसले. मला मात्र घाम फुटला.

सोमवारी कोड उघडला. जावा भाषेत पूर्णांक वाचणारं ‘इंटिजर पार्सइंट’ देवनागरी आकडे मुकाट घेतं, पण दशांशाचं ‘डबल पार्सडबल’ घेत नाही, एरर फेकतं. म्हणून पोती बरोबर आली. आमच्या प्रोग्रामर पठ्ठ्याने ती एरर पकडून तिथे शून्य ठेवलं होतं, आणि वजनाच्या रकान्याला आकड्यांचा कीबोर्डही लावला नव्हता. टेस्टमध्ये कुणी पकडणार कसं? स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने सगळीकडे इंग्रजी आकडेच टाकलेले. स्क्रिप्टला जे सुचवलं तेवढंच ती तपासते. लीडना दाखवलं तर म्हणाले, "एज केस आहे." म्हणजे क्वचित घडणारी गोष्ट. सांगलीच्या यार्डात मराठी आकडे एज केस!

तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणाल तर नवीन स्क्रीन, नवीन वापरणारे, उन्हात न दिसणारा रंग, मळकी बोटं, मध्येच आलेला फोन, हे आधी माणसाने बघावं. तेही ऑफिसातल्या माणसाने नव्हे, ज्याचं काम आहे त्याने. दर गुणिले वजन, लॉगिन, प्रत्येक रिलीजला तेच ते पन्नासदा, हे मशीनवर सोडा. माणूस तिसऱ्या फेरीला कंटाळतो आणि न बघताच ‘पास’ लिहितो. मीही लिहिलंय.

एक राहिलंच. ऑटोमेशन शिकू नका असं मी म्हणत नाही. आज माझा पगार त्यावरच चालतो. तो बग सुटल्यावर मी पहिली टेस्ट लिहिली ती देवनागरी आकड्यांची, आणि पुढे कुणीतरी तोच कोड परत बिघडवला तेव्हा तिनेच रात्रीत पकडून दिला. स्क्रीनवरच्या बटणाचा, रकान्याचा कोडमधला आयडी बदलला की निम्म्या स्क्रिप्ट झोपतात, ते दुरुस्त करण्यातही दिवस जातो, तेवढी तयारी ठेवा.

इंटरव्ह्यूत "नुसतं मॅन्युअल?" असं कुणी नाक मुरडून विचारलं, तर त्यांचंच ॲप उघडा आणि रकमेत मराठी आकड्यांत ५२.५ टाका. मी परवा एका ठिकाणी टाकलं. नोकरी मिळाली नाही, पण खोलीतले तिघंही त्या शून्याकडं बघत बसले.